ऐकून घेणारी

गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीत एक खातं होतं, आणि त्याचं काम एवढंच, की गाडी चालवणाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. ऐकायचं नव्हे, ऐकून घ्यायचं. या दोहोंतला फरक, ज्याच्या डोक्यावर साहेब आहे किंवा घरात वयात आलेलं पोर आहे, त्याला समजावून सांगायला नको. ऐकणाऱ्याला नंतर उठून काहीतरी करावं लागतं. ऐकून घेणाऱ्याने मान डोलावली, चहा पाजला, की त्याची सुटका.

या खात्याची प्रमुख होती मास्तरांची भाची. कंपनीत तिला मॅडम म्हणत, पण आपण भाचीच म्हणू, कारण या गोष्टीत तिने जे काही गमावलं ते भाची म्हणूनच.

मास्तर म्हणजे तिचा मामा. चौतीस वर्षं त्याने ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाने आयुष्यातला पहिला क्लच त्याची बोलणी खात सोडला होता. भाचीचे आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की ती मामाच्या ऑफिसात येऊन बसायची, आणि अभ्यास राहायचा बाजूला, ही बोलणीच तिला पाठ व्हायची. ‘गाडी बोलत असते. ऐकायचं नसेल तर बसने जा,’ असं तो डॉक्टरला सांगे, वकिलाला सांगे, आणि एकदा तर लायसन्सची परीक्षा घ्यायला आलेल्या इन्स्पेक्टरलाही त्याने ते ऐकवलं होतं. जीभ तिखट होती, पण खोटी नव्हती. म्हणूनच गावात कुणाला गाडी घ्यायची झाली की शोरूमच्या आधी मामाला फोन जायचा. तो यायचा, दहा मिनिटं गाडी चालवायचा आणि उतरून एकच शब्द बोलायचा. ‘घ्या’ किंवा ‘नको’. एरवी भाजी कोणती करायची यावर ज्यांचं एकमत होत नाही अशी नवराबायकोसुद्धा त्या शब्दापुढे गप्प बसत.

स्कूल बंद केल्यावरही त्याचा रविवार सुटला नव्हता. गावाबाहेर एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या आवारात सकाळी दहा-बारा जण आपापल्या गाड्या घेऊन जमत आणि तिथून घाटाने वरपर्यंत जाऊन परत येत. वर कुणाचंही काहीही काम नसे. पोचायचं कुठेच नसतं, नुसतं जायचं असतं, हे त्यांच्या घरच्यांना कधी पटलं नाही आणि त्यांनीही पटवायचा नाद सोडून दिला होता. त्यांत एक चष्म्याचा दुकानदार होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. एक सिस्टर होती, घाटावरच्या दवाखान्यात नर्स. बाकीचे असेच, कुणी शिक्षक, कुणी सुतार. सगळे मामाचेच विद्यार्थी.

कंपनीची नवी गाडी यायची होती. साहेबांनी भाचीला बोलावून घेतलं.

“शौकीन लोक आणा, मॅडम. नुसत्या खुर्च्या भरायला नकोत, खरे हवेत. खरी माणसं फोटोत लगेच कळतात.”

भाचीला रविवारची मंडळी आठवली आणि ती खूश झाली. खूश होण्याआधी तिला आणखी एक गोष्ट आठवायला हवी होती, आणि खरं सांगायचं तर ती आठवलीच होती. गाडीचा आराखडा सव्वा वर्षापूर्वीच ‘फ्रीझ’ झाला होता. फ्रीझ म्हणजे त्यानंतर आतला साधा स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. बदलण्यासारखं उरलं होतं ते फक्त सीटवरच्या दोऱ्याचा रंग, आणि स्पीकरमधून सोडायचा इंजिनाचा आवाज. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि या घोड्यावर तिने आपल्या मामाला बसवायचं ठरवलं. लाज वाटली का? वाटली. पण लाज पहिल्यांदा येते तेव्हा पाहुण्यासारखी दारातच उभी राहते. कुणी आत या म्हटलं नाही तर निघूनही जाते.

मंडळी तीन शनिवार कंपनीच्या चाचणी रस्त्यावर आली. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोनशे पानी वही आणली होती. ‘माझी भाची आहे तिथे, तिचं ऐकतात,’ असं तो गेटवरच्या सुरक्षारक्षकालाही सांगून आला. तिने ते ऐकलं आणि हसून सोडून दिलं.

मामा गाडी चालवायचा, उतरायचा, बॉनेटवर वही ठेवून लिहायचा. त्याच्या वहीत तीस-बत्तीस मुद्दे होते, पण मुख्य मुद्दा एकच, आणि तो त्याने मंडळींनाही एकेकाला शेजारी बसवून दाखवला. उतारावर पाय उचलला की ही गाडी आपणहून वरच्या गिअरमध्ये जायची आणि मोकाट सुटायची. साधा गिअरचा दांडा असला की माणूस खालचा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. इथे धरायला काहीच नव्हतं. सगळा भार ब्रेकवर.

“लिहून घे,” तो भाचीला म्हणाला. “दांडा द्या. दांडा जमत नसेल तर निदान एक बटण द्या, की गाडी मी सांगेन त्या गिअरमध्ये राहील. लांब उतार असलेल्या माणसाला याच्याशिवाय ही गाडी देऊ नका.”

“लिहिलं, मामा.”

“सगळं?”

“सगळं.”

लिहिलं होतंच. प्रश्न कुठे लिहिलं याचा होता. खात्याच्या तक्त्यात ‘जिव्हाळा’ नावाचा एक रकाना होता आणि तो भाचीचाच शोध होता. चिडलेला ग्राहक दुरावलेला नसतो, ज्याला काही वाटतच नाही तो दुरावलेला, असं तिने पाच वर्षांपूर्वी एका बैठकीत मांडलं होतं. साहेब तिच्याकडे बघतच राहिले होते. त्या एका वाक्यावर तिला हे खातं मिळालं. तेव्हापासून जो जितका तळमळून तक्रार करी, त्याच्या नावापुढे जिव्हाळ्याचे तितके जास्त गुण पडत. तक्रार गिळून तिचा ढेकर प्रेमाचा द्यायचा, ही कला सगळ्यांना जमत नाही. मामाच्या उताराच्या मुद्द्याला दहापैकी नऊ मिळाले. अहवालात शेवटी आलं, ‘शौकीन चालकांना रोमांच हवा आहे.’ मग सीटला लाल दोरा आला आणि स्पीकरमधून इंजिन गुरगुरायला लागलं.

गाडीच्या अनावरणाला मामाने स्टेजवर यावं असं साहेबांनी ठरवलं. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं होतं, ‘मास्तर बोलले. आम्ही ऐकलं.’ शेजारी वहीत लिहिणाऱ्या मामाचा फोटो. फोटो खरंच सुंदर आला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी भाची मामाकडे गेली. तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून बूट पॉलिश करत होता, उद्यासाठी.

“मग?” तो म्हणाला. “दांडा दिला की बटण?”

ती खुर्ची ओढून बसली. “मामा, दोन्ही नाही.”

“म्हणजे पुढच्या मॉडेलला देणार?”

“नाही.”

त्याने ब्रश खाली ठेवला. “का? खर्चाचं काही आहे का? मला तसं सांगायचं, मी दुसरं काही सुचवलं असतं.”

हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष कंपनीचा आहे हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं. आपलंच सुचवायचं काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटत होतं.

“तू सांगितलंस त्याच्या आधीच सगळं ठरलं होतं,” ती म्हणाली. “बदलता येण्यासारखं नव्हतं.”

“तुला कधी कळलं?”

“आधीच.”

“पहिल्या शनिवारच्या आधी?”

“हो.”

मामाने पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं.

“मग आम्हाला कशाला नाचवलं?”

ती जे मागायला आली होती ते तिने मागून टाकलं. “उद्या तू स्टेजवर काही उलटं बोललास तर माझं खातं बंद होईल. माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, मामा.” ही सहा माणसं तिला त्याच क्षणी आठवली होती. एरवी त्यांतल्या दोघांशी ती धड बोलतही नसे. “दोन शब्द चांगले बोल. खोटं नको बोलूस. नुसतं चांगलं.”

“त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे,” मामा म्हणाला. मग तो उठला, हात धुतले आणि तिला विचारलं, “जेवून जाणार आहेस का?”

ती जेवून गेली. चांगला दोन वेळा भात वाढून घेतला. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज त्या भाताची वाटली.

दुसऱ्या दिवशी हॉल माणसांनी भरला होता. मंडळी तिसऱ्या रांगेत बसली होती, सिस्टर ड्यूटी बदलून आली होती. साहेबांनी हौसेने मामाला गाडीत बसवून हॉलच्या आवारात चक्कर मारायला सांगितली. पुढे फोटोवाले पळत होते. त्यांना वाटलं होतं म्हातारा कारंज्याला वळसा घालून परत येईल. पण मामाने गाडी तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर घातली. चांगला लांब, वळणाचा उतार होता. भाची काचेतून बघत होती. तिला इतक्या लांबूनही दिसलं, की उताराला लागल्यावर त्याने पाय उचलला आणि गाडी पुढे सुटली. ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. मामा खाली दिसेनासा झाला. आता हा वर येऊन बोलणार, असं तिला वाटलं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात तिला तेच हवंही होतं. निदान एकाने तरी खरं बोलून मोकळं व्हावं.

मामा वर आला. साहेबांनी माइक पुढे केला.

“मास्तर, तुम्ही एका शब्दात सांगता असं ऐकलंय. काय सांगाल?”

मामाने आधी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मग स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या भाचीकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काही केलं नाही. नुसती बघत राहिली. तेवढं पुरलं.

“घ्या,” मामा म्हणाला.

टाळ्या पडल्या. पडद्यावर अक्षरं आली. साहेबांनी भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि ती हसली. चौतीस वर्षांत त्या शब्दाला बट्टा लागला नव्हता. तिने तो एका माणसाच्या थापेसाठी लावून घेतला.

बुधवारी मामाचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता.

“सिस्टरने ती गाडी बुक केली,” तो म्हणाला. “जुनी गाडी सोमवारी देऊन टाकतेय. मला सांगायला फोन केला होता तिने. म्हणाली, मास्तर, तुमचं ऐकलं त्यांनी, माझं काम झालं.”

सिस्टर रोज संध्याकाळी दवाखान्यातून घाट उतरून घरी यायची. बावीस वळणं. मामा तो मुद्दा लिहीत असताना त्याच्या डोळ्यासमोर कोण होतं ते भाचीला आत्ता कळलं.

“तू तिला फोनवरच सांगितलं नाहीस?”

“फोनवर नाही. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, मागेही सगळ्यांसमोरच घेणार. रविवारी ये,” मामा म्हणाला. “तू असायला हवीस असं काही नाही. पण यावंस.”

पुढचे तीन दिवस ती मनात वाक्यं जुळवत होती. मामा मंडळींना सांगणार, भाचीने सांगितलं म्हणून बोललो. मग ती म्हणणार, हो, मीच सांगितलं. कुणी चिडेल, कुणी थुंकेल. ते ऐकून घ्यायची तिने तयारी केली. साहेबांच्या कानावर गेलं तर काय करायचं, याचीही केली. राजीनाम्याचा मसुदासुद्धा लिहिला, आणि लिहून झाल्यावर तिला थोडं हलकं वाटलं. माणूस आपल्या शिक्षेचा आकारही आपल्याला सोसेल एवढाच ठरवतो.

रविवारी वजनकाट्याच्या आवारात सगळे जमले होते. मामाने फार वेळ घेतला नाही.

“त्या दिवशी मी घ्या म्हणालो,” तो म्हणाला. “ते चुकलं. सिस्टर, ती गाडी घेऊ नका. उतारावर ती अजून तशीच सुटते.”

चष्मेवाल्याने विचारलं, “पण मास्तर, ट्रॅकवर तुम्हीच तर हे आम्हाला दाखवलं होतं. तुम्ही घ्या म्हणालात, म्हणजे आम्हाला वाटलं त्यांनी सुधारलं.”

“मलाही वाटलं सुधारलं.”

“पण तुम्ही तळघराच्या उतारावर नेली होती ना? मग कळलं नाही?”

भाचीने ओठ उघडले. आता माझं नाव येणार, ती मनात म्हणाली. यायलाच हवं.

“नाही कळलं,” मामा म्हणाला. “आताशा पायाला कळत नाही मला. बरेच दिवस झाले. सांगायची लाज वाटत होती. नंतर शोरूममध्ये जाऊन दुसऱ्याला चालवायला लावली, शेजारी बसलो, तेव्हा लक्षात आलं. तेव्हा इथून पुढे गाडी घेताना मला विचारू नका. माझ्या शब्दावर जाऊ नका.”

ज्या माणसाने सगळ्यांना सांगितलं होतं की गाडी डोक्याने नाही, तळपायाने चालवायची असते, तो उभा राहून सांगत होता की आपला तळपाय मेला आहे. सुताराने मान फिरवली.

भाची बोलली नाही. सगळी जुळवलेली वाक्यं तयार होती, पण ती तिच्यावर आरोप होईल या हिशेबाने जुळवलेली होती. आरोप झालाच नाही. मामाने तिच्या अंगावर येणारं सगळं आपल्या पायावर घेतलं होतं, आणि ते परत मागून घ्यायला जे धैर्य लागतं ते तिच्याजवळ नव्हतं. हे तिला तिथे उभ्या-उभ्या स्पष्ट कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत कुठेतरी तिला सुटल्यासारखंही वाटलं.

सिस्टर पुढे आली. “मास्तर, इथे बसा,” ती म्हणाली आणि तिने त्याला वजनकाट्याच्या ओट्यावर बसवलं. “मुंग्या येतात का पायाला? साखर कधी तपासली होती?” बोलता बोलता ती खाली बसली, त्याच्या उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला. बूट चकचकीत होता. तिने पेनाच्या टोकाने तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत एक रेघ ओढली.

अंगठा चटकन आत वळला.

“हे कळलं?” सिस्टरने विचारलं.

“नाही,” मामा म्हणाला.

सिस्टरने पुन्हा एकदा, जरा हळू, रेघ ओढली. पुन्हा अंगठा वळला.

“नाही,” मामा म्हणाला.

सिस्टर काही क्षण त्या पायाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली, पण मामाकडे नाही. तिने भाचीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर भाचीला बरं वाटलं असतं. पण नर्स जखमेकडे बघते तसं तिने बघितलं, किती खोल आहे याचा अंदाज घेत, आणि नजर काढून घेतली. मामाच्या पायात मोजा घातला, बूट घातला, नाडी बांधली.

“ठीक आहे, मास्तर,” ती म्हणाली. “मी बुकिंग रद्द करते.”

बाकीच्यांनी फक्त मामाचं ‘नाही’ ऐकलं होतं. ते बिचारे गडबडून गेले. कुणी चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवलं, कुणी म्हणालं वयाने होतंच असं. चष्मेवाला भला माणूस. तो जवळ आला, जरा घुटमळला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “मास्तर, रागावू नका. पण असं असताना तुम्ही गाडी चालवू नये. किल्ली माझ्याकडे द्या. मी सोडतो तुम्हाला घरी.”

मामाने खिशात हात घातला. किल्ली लगेच सापडली, तरी हात थोडा वेळ खिशातच राहिला. मग त्याने ती काढून चष्मेवाल्याच्या हातावर ठेवली.

“हिचा क्लच वर आल्यावर धरतो,” तो म्हणाला. “घाई करू नका.”

भाची पुढे झाली. “मामा, मी सोडते ना तुला.”

मामाने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी शाळेचं दप्तर ती ऑफिसात विसरली की बघायचा, तसंच.

“नको,” तो म्हणाला. “तू जा. उद्या तुला ऑफिस आहे.”

मंडळी तिला वाट करून द्यायला बाजूला झाली. ती आपल्या गाडीपर्यंत चालत गेली, आत बसली आणि निघून गेली.